पाच धंद्यांची फाईल

कोणतीही इमारत ते आधी मागून पाहत. पवनीच्या बाजारात नवे दुकान उघडले, मालकाने मंडप घातला आणि पेढे वाटायला घेतले, की आमचे भांडारपाल आपला पेढा हातात धरून मागच्या बोळात शिरत. नाली कुठे वळते ते पाहत, सांडपाण्याचा पाइप कुठे उतरला ते पाहत, भिंतीवर ओल किती चढली ते वितीने मोजत. मग समोर येऊन पेढा खात आणि मालकाला सांगत, "दुकान झकास आहे. सात-आठ महिने काही होत नाही." हा आशीर्वाद समजावा की शाप, हे मालकाला कळत नसे. ते मात्र दोन्हींपैकी काहीच देत नसत. त्यांनी फक्त मुदत सांगितलेली असे.

"समोरून मालक दिसते, बडे बाबू," ते मला म्हणत. "इमारत मागून दिसते."

पाटबंधारे खात्याच्या आमच्या कार्यालयात सिमेंट, पाइप, दोरखंड, खिळे यांचा साठा त्यांच्या ताब्यात असे. मी तेथेच मुख्य लिपिक होतो. आमच्याकडे मुख्य लिपिकाला बडे बाबू म्हणतात. सव्वीस वर्षे आम्ही एकाच व्हरांड्यात बसलो आणि एकाच वर्षी निवृत्त झालो. ते गेले त्यालाही आता दोन वर्षे होत आली. त्यांच्याविषयी कोणी काही लिहिलेले नाही आणि कोणी लिहील असे दिसत नाही. म्हणून हे लिहितो.

नमुना तपासल्याशिवाय ते कोणतीही वस्तू साठ्यात घेत नसत. यात नवल नाही. तसा नियमच आहे. नवल त्यांच्या तपासण्यात होते. एकदा कंत्राटदाराने दोरखंड पाठवले. भांडारपालांनी एक दोर आवारातल्या कडुनिंबाला बांधला आणि चपला काढून स्वतः त्याला लोंबकळले. त्याच वेळी उपअभियंता साहेबांची जीप आत आली.

"हे काय चाललं आहे?" साहेबांनी विचारले.

"दोर तपासून राहिलो, साहेब."

"किती वेळ लोंबकळणार?"

"तुटेपर्यंत. नाही तर सुट्टी होईपर्यंत."

साहेब आत गेले. दोर तुटला नाही. तो साठ्यात जमा झाला.

त्यांची दुसरी एक गोष्ट मात्र आम्हां सर्वांना खटकत असे. ते हातात झाडू धरत नसत. एका वर्षी वरून आदेश आला की कर्मचाऱ्यांनी स्वतः कार्यालयाची स्वच्छता करावी आणि छायाचित्र पाठवावे. साहेबांसकट सर्वांनी झाडू घेतले, छायाचित्रकाराकडे पाहिले आणि झाडू ठेवून दिले. भांडारपालांनी झाडूला हात लावला नाही. ते ओले फडके घेऊन कार्यालयाच्या एकूण एक खिडक्यांच्या काचा पुसत बसले. त्याला दुपार झाली. छायाचित्रात ते नाहीत. मी त्याला घमेंड समजलो. तसे त्यांना बोललो नाही, पण समजलो.

निवृत्तीच्या समारंभात माझे भाषण वीस मिनिटे चालले. त्यात काय होते ते आता मलाही आठवत नाही. त्यांचे चार वाक्यांचे होते. शाल आणि श्रीफळ एका हाताने काखेत धरून ते म्हणाले, "मी घरी बसनार नाही. धंदा करीन म्हनतो. ज्या कामाचा फोटो कोनी काढत नाही असा धंदा पाहून राहिलो. सापडला का सांगीन."

लोक हसले. ते थट्टा करत नव्हते. त्यांचे म्हणणे असे की दिसणाऱ्या धंद्यात सगळेच शिरतात. मोबाईलची दुकाने गिऱ्हाइकांपेक्षा जास्त झाली आहेत. पण प्रत्येक दुकानाला शटर आहे, प्रत्येक गोदामात उंदीर आहेत, प्रत्येक मंगल कार्यालयावर पाण्याची टाकी आहे, आणि त्यांच्याकडे पाहायला कोणी नाही. इमारती बांधणारे शंभर आहेत. इमारत सांभाळणारा पवनीपासून अड्याळपर्यंत एकही नाही. तेव्हा धंदा करायचा तो इमारती सांभाळण्याचा. प्रश्न एवढाच, की त्यातला कोणता.

त्यांनी एक फाईल केली. तिच्यात एकच कागद होता आणि कागदावर पाच ओळी होत्या. शटर. उंदीर. पाण्याच्या टाक्या. आग विझवण्याची नळकांडी. संडासाच्या टाक्या उपसणारी गाडी. प्रत्येक ओळीपुढे शेऱ्यासाठी जागा सोडलेली होती. प्रत्येक धंदा एकेक महिना स्वतः फुकट करून पाहायचा आणि मग शेरा लिहायचा, असे त्यांनी ठरवले.

शटरने सुरुवात झाली. बसस्थानकाच्या रस्त्याला माझे पाच गाळे आहेत. आमचे घराणे विणकरांचे. वडिलांचे माग बंद पडले तेव्हा त्या जागेवर मी ते बांधले. भांडारपाल रोज सकाळी तेलाची बुधली आणि पाना घेऊन येत आणि एकेक शटर उतरवून, घासून, तेल देऊन परत चढवत. महिनाभरात त्या रस्त्यावरची चाळीस शटरे बोटाने ढकलावीत अशी चालू लागली. दुकानदार खूश झाले. भांडारपाल फाईल घेऊन माझ्याकडे आले.

"हा धंदा नाही जमत, बडे बाबू."

"काहून? काम तर उत्तम झालं."

"तेच तर. आता दोन साल कोनाचं शटर अडकत नाही. दोन सालानं मले कोन ओळखीन? चांगलं काम केलं का गिऱ्हाईक जाते, खराब केलं का इज्जत जाते."

शेरा लिहिला गेला. पुढचा महिना उंदरांचा होता.

गावाबाहेर एक राईस मिल आहे. दोन चुलत भावांची, त्यामुळे गोदामेही दोन, मध्ये एक भिंत. थोरला भाऊ गणपतीचा भक्त. त्याने भांडारपालांना पहिल्याच दिवशी बजावले, "उंदीर मारायचे नाहीत. देवाचं वाहन आहे. धरा, अन् दुसरीकडे नेऊन सोडा."

"दुसरीकडे म्हंजे कुठं?"

थोरल्याने भिंतीकडे बोट दाखवले. "दूर कायले नेता? तिकडं सोडा."

भांडारपालांनी पिंजरे लावले, उंदीर धरले आणि सांगितल्याप्रमाणे पलीकडे सोडले. आठ दिवसांनी धाकट्याने बोलावले. त्याच्याकडे उंदीर अचानक वाढले होते. तोही गणपतीचाच भक्त होता. त्यानेही त्याच भिंतीकडे, फक्त उलट बाजूने, बोट दाखवले. महिनाभर भांडारपालांनी तेच उंदीर इकडून तिकडे आणि तिकडून इकडे वाहिले. त्यात एक तुटक्या कानाचा उंदीर होता. तो म्हणे चौथ्या खेपेपासून पिंजऱ्यात स्वतःहून येऊन बसू लागला.

मी विचारले, "तुम्ही मालकांना सांगितलं का नाही?"

"दोघायलेही सांगितलं. दोघंही म्हनले, चालते." ते शेरा लिहीत होते. त्यांनी वर पाहिले नाही. "धंद्यात खोट नाही. चालला तर जनमभर चालते. पन मीच थकून जाईन. उंदीर नाही थकत."

तिसरा धंदा पाण्याच्या टाक्यांचा. त्याचा नमुना माझ्याच घरच्या कार्यात तपासला गेला आणि त्यानंतर सहा महिने मी त्यांच्याशी बोललो नाही.

माझ्या धाकट्या मुलीचे लग्न होते. मंगल कार्यालय नवे, वरपक्ष नागपूरचा, पंगत बसलेली. भांडारपाल आहेर देऊन गेले ते दिसेनासे झाले. मी विहीणबाईंना जिलबीचा आग्रह करत होतो, तेवढ्यात ते गच्चीवरून उतरले. बाह्या वर केलेल्या, हात कोपरापर्यंत ओले. पंगतीच्या मधोमध उभे राहून ते सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जेवन करा. पानी पिऊ नका. टाकीत दोन कबुतर आहेत."

कोणीतरी विचारले, "जिवंत?"

"एक बी नाही."

त्यानंतर पंगतीत जे झाले ते मी लिहीत नाही. वरपक्षाने ते अजून लक्षात ठेवले आहे. मी त्यांना बाजूला घेतले आणि विचारले, हे माझ्या कानात सांगता आले नसते का? ते म्हणाले, "कानात सांगितलं असतं तर तुमी पंगत उठेपर्यंत दाबलं असतं, बडे बाबू." मी तसेच केले असते. म्हणूनच मला राग आला.

कार्यालयाच्या मालकाने दुसऱ्या दिवशी कार्यवाही केली. टाकी साफ केली नाही. गच्चीवर जाणारी शिडी काढून घेतली. भांडारपालांचा शेरा होता: मालकास टाकी दिसत नाही. दिसणारा माणूस दिसतो. त्यालाच तो दूर करतो.

चौथ्या धंद्याला महिनाही लागला नाही. गावातल्या इमारतींमधली लाल नळकांडी त्यांनी एका आठवड्यात पाहून काढली. एका लॉजमध्ये दार मिटू नये यासाठी नळकांडे टेकण म्हणून लावलेले होते, आणि मालकाने त्याच्या उपयोगाबद्दल समाधान व्यक्त केले. शेरा: आग लागेपर्यंत गिऱ्हाईक नाही. लागल्यावर इमारत नाही.

राहिली पाचवी ओळ. तिच्यापुढची जागा कोरी होती. महिने गेले तरी कोरीच होती.

त्यांना एकच मुलगी. त्या वेळी तिशीला आलेली. विज्ञान शिकलेली, नागपुरात एका मोठ्या इमारतीची देखभाल पाहणाऱ्या कंपनीत होती. कंपनीचे कंत्राट संपले तशी ती घरी परतली. आई आधीच वारलेली. घरात दोघेच. संक्रांतीनंतर पुण्यात नोकरीवर रुजू व्हावे, असे तिला एक पत्रही आलेले होते. तिला जायचे नव्हते. वडिलांनी मांडलेल्या पाच धंद्यांपैकी पाचवा तिने त्यांच्याआधीच निवडला होता. लॉज, दवाखाने, शाळा, मंगल कार्यालये: सगळ्यांच्या टाक्या भरतात, वेळेवर भरतात, आणि चांगले काम केले तरी पुन्हा भरतात. उपसणारी गाडी भंडाऱ्याहून यायची आणि येईल तेव्हा यायची. तिने पंप, टँकर, ट्रॅक्टर ठरवून ठेवले होते. गाडी कुठे रिकामी करायची याची परवानगीही काढून ठेवली होती. वडिलांचा होकार तेवढा राहिला होता. तो मिळाला तर ती राहणार होती, नाही तर पुण्याला जाणार होती. ती गेली की घरात ते एकटे उरणार, हे त्यांनाही ठाऊक होते. ते बोलत नव्हते.

त्याच हिवाळ्यात माझ्या गाळ्यांची टाकी भरून वाहिली. गाडीवाल्याने उद्या येतो म्हटले आणि चार दिवसांनी आला. चार दिवस भाडेकरूंनी मला जे ऐकवले ते मी तोवर कोणाकडून ऐकून घेतले नव्हते. पाचव्या दिवशी भांडारपाल फाईल घेऊन आले. सहा महिन्यांचा अबोला केव्हाच सुटला होता. तो त्यांनीच सोडला होता, काही झालेच नाही असे येऊन बसून.

त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "तुमी सांगा, बडे बाबू. चारचे शेरे झाले. पाचव्याचं काय करू?"

मी पाचव्या ओळीवर बोट ठेवले. "हाच करा. गावाला गरज आहे. मी आत्ताच भोगलं. आणि या कामाला माणसंही तुम्हाला लगेच मिळतील."

"कुठून?"

"तुमच्याकडची."

त्यांनी कागद फाईलमध्ये ठेवला आणि फाईलची नाडी बांधली. "बरं," म्हणाले. चहा पूर्ण प्यायले. कप खाली ठेवला आणि गेले.

मला काही जाणवले नाही. उलट नेमका सल्ला दिल्याचे समाधान वाटले. त्यांचे घर बौद्धांचे. भाऊ शाळेत मुख्याध्यापक, पुतण्या बँकेत, चुलते धानाची शेती करणारे. त्या पुतण्याच्या प्रमाणपत्राच्या प्रतींवर साहेबांच्या सह्या मीच घेतल्या होत्या. संडासाच्या टाकीशी संबंध आलेला एकही माणूस त्यांच्या घरात किंवा नात्यात नव्हता, आणि हे मला माहीत होते. माहीत असूनही ते वाक्य तोंडातून निघाले. शोधावे लागले नाही. तयारच होते.

चौथ्या दिवशी त्यांची मुलगी स्कूटरवरून आली. बसायला सांगितले तरी बसली नाही.

"काका, तुम्ही बाबांले काय म्हटलं?"

"काय झालं?"

"सहा महिने मी त्याईले समजावून राहिले. आता हो म्हणतच होते. तुमच्याकडून आले, फाईल कपाटात टाकली, अन् मले म्हणते, तू पुण्याले जा. दुसरं काही बोलतच नाही."

मी माझे वाक्य जसेच्या तसे सांगितले. तिने ते ऐकून घेतले. रागावली नाही. रागावली असती तर मला सोपे गेले असते.

"टाकीत माणूस उतरवणं गुन्हा आहे, काका. माहीत आहे ना?"

"आहे."

"गाडीले पाइप लागते अन् मोटर लागते. एक चालवणारा, एक पाइप धरणारा. बस. मग तुम्हाले आमच्याकडची माणसं कायले पाहिजे होती?"

मग तिने तिच्या आजोबांची हकिगत सांगितली. ती मला सव्वीस वर्षांत कोणी सांगितली नव्हती, कारण मी विचारली नव्हती. अड्याळच्या बाजूच्या एका खेड्यात ते गावकीचे काम करत. गावातले जनावर मेले की हाक येई आणि ओढून न्यावे लागे. छप्पन साली धम्मदीक्षा घेऊन परतले त्या दिवसापासून त्यांनी हाक ऐकणे बंद केले. गावाने त्यांना धानकापणीच्या मजुरीवरही घेतले नाही. पूर्ण एक हंगाम घरात एक वेळ चूल पेटली. मुलांना त्यांनी सांगून ठेवले होते, की दुसऱ्याची घाण उचलायला कोणी हाक मारील, तर ऐकायची नाही. झाडूसुद्धा आपल्या घराबाहेर धरायचा नाही.

"मग तू हाच धंदा कसा करायला निघालीस?" मी विचारले.

"आबाजीले हुकमानं करा लागे. मी माझ्या गाडीनं करीन, माझ्या दरानं करीन. हा फरक बाबांले पटला होता, काका. आता त्याईले वाटते, बडे बाबू असे पाहते तर सारं गाव असंच पाहीन."

ती गेली. बायको आतून सर्व ऐकत होती. बाहेर येऊन तिने टेबलावरचा न प्यायलेला चहा उचलला आणि म्हणाली, "जाऊन या त्यांच्या घरी." एवढेच म्हणाली.

त्यांचे घर अड्याळच्या रस्त्याला, माझ्या घरापासून सायकलने दहा मिनिटांवर. ते माझ्याकडे शेकडो वेळा आले होते. मी त्यांच्याकडे पहिल्यांदाच गेलो. तेही मी वाटेत मोजले तेव्हा लक्षात आले.

त्यांनी खुर्ची दिली आणि स्वतः बाजेवर बसले.

मी म्हणालो, "मी बोललो ते चूक होतं."

"कोनतं? गाडीचं का मानसाचं?"

"माणसांचं."

"अन् गाडीचं?"

"ते बरोबर होतं."

त्यांनी मान हलवली. दोन्ही उत्तरे त्यांना मान्य दिसली. मग ते उठले आणि अंगणातल्या ट्रॅक्टरच्या जुन्या टायरमध्ये तांब्याभर पाणी घालून आले. त्यात त्यांनी टमाटर लावले होते.

"मंग एक करा, बडे बाबू," ते म्हणाले. "गाडीवर तुमचं नाव लिहू. तुमचं आडनाव, मोठ्या अक्षरात. तुमाले पैसा लावायचा नाही, कामावर यायचं नाही. पोरगी सारं पाहीन. नाव तेवढं द्या. तुमच्या आडनावाची गाडी गावानं पाहिली, का कोनाले वाटनार नाही का हे काम अमक्याचंच आहे. मंग मी पोरीले अडवत नाही."

मी म्हणालो, "विचार करून सांगतो."

"करा. संक्रांतीपर्यंत करा. मंग पोरगी पुण्याले जाते."

ही मागणी विचित्र नव्हती. त्यांच्या आयुष्यातली कदाचित एवढीच विचित्र नसलेली. माझ्या चुकीची भरपाई त्यांनी नेमकी मोजून मागितली होती. मी ती त्याच खुर्चीत बसून द्यायला हवी होती.

मी आठ दिवस घेतले.

नागपूरच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, गाळ्यांवर आपल्या नावाची पाटी आहे, तेवढी पुरे नाही का?" धाकट्या भावाचे कापडाचे दुकान आहे. तो दुकान सोडून धावत आला. "भाऊ, जे नाव माझ्या दुकानावर, तेच त्या गाडीवर? बाया साडी घेता घेता नाक धरतीन!" बायकोला विचारले. ती म्हणाली, "मला कायले विचारता? तिथून येतानाच तुम्हाले काय ते समजलं असन."

समजले होते. तरी मी कागद घेतला. नकाराची कारणे सहा निघाली. होकाराचे एक निघाले. मी जन्मभर टिपण्या लिहिल्या आहेत; एका बाजूला सहा आणि दुसऱ्या बाजूला एक असले, की शेवटचे वाक्य कसे असते हे मला पाठ आहे. ते वाक्य या वेळी लिहवेना. सात दिवस लिहवले नाही. आठव्या दिवशी, संक्रांतीला तीन दिवस असताना, मी तो कागद फाडला आणि होकार द्यायला सायकल काढली.

भांडारपाल अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मला पाहून त्यांनी सूप बाजूला केले.

"या, बडे बाबू. बसा. चहा ठेवतो."

"चहा राहू द्या. मी सांगायला आलो आहे."

"बसा तर खरं. पोरगी नाही घरी. अड्याळले गेली, लग्नाच्या लॉनवर. पहिलं काम आहे."

"गाडी आली?"

"परवा आली."

"मग नाव?"

"तिचंच," ते म्हणाले. "पुरं नाव. तिचं, माझं, आडनाव, खाली फोन नंबर. दोन्ही बाजूनं."

मी बसलो. त्यांनी शेंगा पुन्हा पुढे ओढल्या आणि सोलता सोलता सांगितले. मी मागच्या वेळी येऊन गेलो त्याच संध्याकाळी त्यांनी माझ्याकडे काय मागितले ते मुलीला सांगितले होते. तिला आनंद होईल अशी त्यांची कल्पना. ती इतकी चिडली की दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली.

"म्हनते, दुसऱ्याच्या नावाखाली झाकून करायचा असता तर पुन्यालेच नसते गेले का? म्हनते, बाबा, आबाजीले नाव नव्हतं. गाव हाक मारे अन् आबाजी जाये. मले लोक फोन करतीन, नाव घेऊन बोलतीन, येता का म्हनून विचारतीन. मले परवडलं तर जाईन, नाही तर नाही जानार." त्यांनी एक किडकी शेंग बाजूला टाकली. "आता यावर बाप काय बोलीन? पेंटरले मीच बोलावलं. तो अक्षर बारीक काढून राहिला होता. म्हनलं, मोठं काढ. सडकेच्या पलीकडून दिसलं पाहिजे."

"बरं झालं," मी म्हणालो.

"हो. बरं झालं."

मग त्यांनी चहा केला. मी त्यांच्याबरोबर शेंगा सोलल्या. सूप अर्धे भरल्यावर लांबून ट्रॅक्टरचा आवाज आला. ते उठून फाटकापाशी गेले. ती मुलीची गाडी नव्हती. कोणाचा तरी धानाचा ट्रॅक्टर होता. ते परत येऊन बसले. पुन्हा आवाज आला, पुन्हा उठले. असे ते चार वेळा उठले. पाचव्या वेळी गाडी आलीच तेव्हा मात्र जागचे हलले नाहीत. मान खाली घालून शेंगा सोलत राहिले आणि मुलीला म्हणाले, "हात-पाय धू, माय. काका आले."

पुढे ते तीन वर्षे जगले. माझ्या गाळ्यांची टाकी तीच गाडी उपसते. वेळेवर येते. मी फोन करतो तेव्हा नाव घेऊन बोलतो आणि येता का असे विचारतो. कधी ती आज येते, कधी परवा येते म्हणते. मी थांबतो.

त्या दिवशी मी काय सांगायला आलो होतो, हे त्यांनी मला विचारले नाही. तेव्हाही नाही आणि नंतरच्या तीन वर्षांतही नाही. मीही सांगितले नाही. मी होकार घेऊन गेलो होतो. ही गोष्ट फक्त मला माहीत आहे, आणि मी आठ दिवस घेतले ही सर्वांना माहीत आहे. कोणा दुसऱ्या लिपिकाने असे प्रकरण माझ्या टेबलावर ठेवले असते, तर मी त्यातल्या होकारावर विश्वास ठेवला नसता.